एक ग्रॅमचा काटा आणि ७१८ ग्रॅमचं विमान

हा काटा स्वयंपाकघरातला म्हणून विकतात. पांढरं प्लास्टिक, वर गोल ताटली, पोटात दोन पेन्सिल सेल, समोर लहानसा पडदा आणि दोन-तीन बटणं. कमाल वजन ५ किलो, पायरी १ ग्रॅमची, म्हणजे आकडा एकेका ग्रॅमने बदलतो. ऑनलाइन मागवला, साडेतीनशे रुपयांच्या आत घरपोच आला. खोक्यावर नावाजलेल्या कंपनीचं नाव नाही आणि असेच दिसणारे काटे निरनिराळ्या नावांनी मिळतात, म्हणून नाव देत नाही. काय बघून घ्यायचा ते सांगते. केकचा मैदा मोजायला तो कसा आहे यावर पुष्कळांनी लिहिलंय. मी तो रेडिओवर उडणारं विमान घरी बनवण्यासाठी वापरते, आणि त्या कामात याच्याइतकं उपयोगी दुसरं काही आमच्या घरात नाही. कटर नाही, ग्लू गन नाही, सोल्डरिंगचं हत्यारही नाही.

गुहागरात आमचं आंबापोळी, फणसपोळी आणि कोकम आगळाचं घरगुती काम आहे. त्यामुळे घरात आधीपासून एक मोठा काटा आहे, ३० किलोचा, वैधमापन खात्याचा शिक्का असलेला. विक्रीचं वजन त्याच्यावरच होतं आणि तसंच व्हायला हवं. हा छोटा काटा गिऱ्हाइकासमोर वापरायचा नाही, त्याला तो शिक्का नसतो. पण मोठा काटा ५ ग्रॅमच्या पायरीने चालतो. विमानाची शेपटी हलवणारी छोटी सर्वो मोटर ठेवली तर १० दाखवतो, तिच्याहून हलका प्रॉपेलर ठेवला तरी १०. पोत्यातल्या आमसुलांना चालतं, विमानाला चालत नाही.

आमच्या विमानात काम वाटून घेतलेलं आहे. पुतण्या सोहम रत्नागिरीला पॉलिटेक्निकला आहे. वायरी, रेडिओ, मोटर हे त्याचं खातं. शीट कापणं, चिकटवणं आणि वजनाचा हिशेब माझ्याकडे. सुट्टीत आला की पहिला प्रश्न तोच, "काकू, अंदाज किती निघाला?" अंदाज कागदावर आल्याशिवाय मी शीटवर सुरी टेकवत नाही.

वजनाला इतकं महत्त्व का, ते एकदा आकड्यांत मांडते. आमच्या विमानाचा पंख टोकापासून टोकापर्यंत १२० सेंटीमीटर आणि रुंदीला २०. म्हणजे क्षेत्रफळ २४०० चौरस सेंटीमीटर. १० बाय १० सेंटीमीटरचे चौकोन पाडले तर २४ चौकोन. विमानाचं पूर्ण वजन या २४ ला भागलं की एका चौकोनाने किती ग्रॅम उचलायचे ते कळतं. शिकाऊ हाताच्या, सावकाश उडणाऱ्या विमानाला हा आकडा २० ते ४० च्या दरम्यान हवा. आमचा ३० च्या आसपास धरला. ३० ला विमान साधारण ताशी २५ किलोमीटरच्या खाली गेलं की पंखाची उचल सुटते आणि ते पडू लागतं. तेच विमान ९०० ग्रॅमचं झालं तर हा वेग २८ च्या आसपास जातो. तीन किलोमीटरचा फरक ऐकायला लहान वाटतो, पण उतरताना वाळू समोर धावत येत असते, हातात रिमोट असतो आणि विचार करायला एखादा सेकंद असतो. शिवाय जड विमानाला मोटर जास्त ताणावी लागते, बॅटरी लवकर संपते, म्हणून मोठी बॅटरी बसवावीशी वाटते, आणि ती आणखी जड. हे चक्र सुरू होण्याआधीच थांबवायचं, आणि त्याची जागा कागदावर आहे.

आता काट्याचं खरं काम. शीटचं वजन काढायचं तर बरेच जण १० बाय १० चा तुकडा कापून काट्यावर ठेवतात. १ ग्रॅमच्या काट्यावर ते निरुपयोगी आहे. काटा ३ दाखवत असला तर खरं वजन अडीचही असेल, साडेतीनही असेल, आणि हा फरक पुढे ऐंशी-ब्याऐंशी पटीने वाढतो. म्हणून अख्खं शीट ठेवायचं. आमचं कागद लावलेलं ५ मिलिमीटर जाडीचं फोमशीट एक मीटर बाय अर्धा मीटर असतं, म्हणजे ५० चौकोन. काट्याने १५० दाखवले; चौकोनाला ३ ग्रॅम. इथे काटा अर्ध्या ग्रॅमने इकडेतिकडे झाला तरी एका चौकोनामागे एक शतांश ग्रॅमचा फरक पडतो, त्याची काळजी नको. चारही सर्वो एकत्र ठेवून चारने भागायचं, तेही याचसाठी. स्वस्त काट्याकडून महाग काट्याइतकं काम असं काढता येतं, आणि मला या वस्तूचं सगळ्यात जास्त कौतुक इथेच आहे.

शीट विकत घेतानाच वजन करा, ही कळकळीची विनंती. दुकानात सनबोर्ड मागितलं की कुठे आत फोम आणि वर कागद असलेलं हलकं शीट देतात, कुठे पाट्या बनवायचं कडक पीव्हीसीचं देतात. दोन्ही पांढरी, दोन्ही ५ मिलिमीटरची. पीव्हीसीवालं मी काट्यावर ठेवलं तर चौकोनाला पंचवीस ग्रॅमच्या वर भरलं. त्याचा आमच्या मापाचा पंख केला तर नुसता पंखच सव्वा किलोच्या आसपास जाईल. काटा पिशवीत मावतो, दुकानात नेता येतो, आणि दुकानदारही कुतूहलाने बघतो. थर्माकोल सगळ्यात हलका, घनमीटरला १५ ते २० किलो, पण २०१८ च्या बंदीनंतर मखराचे तक्ते बाजारातून गेले. बंदरावरच्या मासळीच्या खोक्यांचा मिळतो, पण तो जाड असतो, तारेने पातळ कापावा लागतो आणि वास धुऊनही पूर्ण जात नाही. बाल्सा लाकूड छान, पण ते बाहेरून मागवावं लागतं आणि एकाच नावाच्या दोन पट्ट्यांत वजनाचा मोठा फरक असतो, कारण त्याची घनता १०० पासून २०० पर्यंत कुठेही असू शकते. काटा घरी असेल तर हलक्या पट्ट्या शेपटीला आणि जड पट्ट्या पंखाच्या कण्याला असं निवडता येतं.

आमचा अंदाज असा लागला. पंख वरून-खालून मिळून ४८ चौकोन, १४४ ग्रॅम. शेपटीचे आडवे-उभे भाग ९ चौकोन, २७ ग्रॅम. धड २५ चौकोन, ७५ ग्रॅम. पंखाच्या आत कणा म्हणून चिव्याची, म्हणजे बारीक बांबूची, तासलेली काठी, ३० ग्रॅम. कार्बनची नळी याहून हलकी येते, पण चिवा परसात आहे आणि तो वाकतो, तुटत नाही. मोटर ए २२१२ या जातीची, ५२ ग्रॅम. विक्रीच्या पानावर याहून कमी लिहिलेलं असतं, कारण तिथे वायरी आणि कनेक्टर धरलेले नसतात. म्हणून छापील आकडा घेऊ नये, वस्तू हातात आली की ती काट्यावर ठेवावी. वेग नियंत्रक २५, प्रॉपेलर आणि त्याचा अडकवा १४, चार सर्वो ३६, तारा आणि सळ्या १९, रिसीव्हर १५, तीन सेलची १५०० एमएएच बॅटरी १३०, चाकं आणि त्यांची स्टीलची तार ४१. गोंद आणि टेप ४०. बेरीज ६४८. त्यावर दहा टक्के वाढवले, ७१३ झाले. विमान पुरं झाल्यावर पहिलं वजन ७१८ भरलं. सोहमने आकडा बघून वहीच उचलून घेतली आणि घरभर दाखवत फिरला.

हे दहा टक्के कुठून येतात तेही काट्यानेच दाखवलं. ग्लू गनच्या एका कांडीचं वजन आधी आणि नंतर करायचं म्हणजे किती गोंद विमानात गेला ते कळतं. गरम गोंद हा घरगुती विमानांचा सगळ्यात मोठा चोर आहे. जोडावर जाड ओळ ओढायची सवय लागते, ती मजबुतीसाठी लागतच नाही. पातळ ओळ घेऊन जोड दाबून धरला तर निम्म्या गोंदात काम होतं. रंगाचंही तसंच. आम्ही रंग देत नाही, फक्त पंखाच्या खालच्या बाजूला रंगीत टेपच्या दोन पट्ट्या, आकाशात उलट-सुलट ओळखण्यापुरत्या.

काटा खरा बोलतो का, हे आल्याबरोबर नाण्यांवर बघितलं. २०११ साली आलेल्या नक्षीचं पाच रुपयांचं पिवळं नाणं ६ ग्रॅमचं असतं. अशी दहा नाणी ठेवली, ६० दाखवले. दहा रुपयांचं दुरंगी नाणं साधारण ७.७ ग्रॅमचं, दहा नाण्यांना ७७. पाच रुपयांचं जुनं जाड पांढरं नाणं कुणाच्या डब्यात असेल तर जपून ठेवा, ते ९ ग्रॅमचं आहे, म्हणजे नेमकं छोट्या सर्वोच्या वजनाचं. मोठ्या वजनासाठी मापाच्या भांड्यातलं एक लिटर पाणी. भांडं ठेवून टेअरचं, म्हणजे आकडा शून्यावर आणायचं, बटण दाबायचं आणि पाणी ओतायचं. ९९७ आलं. आपल्याकडच्या गरम हवेत पाण्याचं एक लिटर हजार ग्रॅमला थोडं कमीच भरतं, तेव्हा ही तक्रार नाही. मधोमध आणि कडेला असं दोन्हीकडे ठेवून बघा; आमचा काटा कडेला ठेवलं की एखादा ग्रॅम वेगळं बोलतो. आत ॲल्युमिनियमची एकच पट्टी असते, वजनाने ती जराशी वाकते आणि तिच्यावर चिकटवलेल्या तंतूचा विद्युतरोध बदलतो, त्यावरून आकडा येतो. म्हणून वस्तू मधोमध हवी, आणि काट्यावर काही आपटायचं नाही.

दोष आहेत. पहिला, तो आपोआप बंद होतो. गोंद वाळण्याची वाट बघत असताना टेअर केलेला आकडा हातातून जातो. आधीचं वजन कागदावर लिहून ठेवणं हाच उपाय. दुसरा दोष बारीक आहे आणि तो माहीत नसेल तर हिशेब फसवतो. रिकाम्या काट्यावर फार हलकी वस्तू हळूहळू वाढवत गेलं, म्हणजे टेपचे तुकडे एकेक करून ठेवले, तर काटा ती वाढ आपल्या शून्याची हालचाल समजून गिळून टाकतो आणि पडद्यावर शून्यच राहतं. असले काटे बनवतानाच तसे बनवलेले असतात, म्हणजे थंडी-उकाड्याने शून्य सरकू नये. त्यावर तोड अशी, की आधी काट्यावर शंभरेक ग्रॅमची एखादी वाटी ठेवायची आणि टेअर न दाबता तिच्यावर तुकडे टाकायचे. मग वजाबाकी आपण करायची.

पंखा बंद करा. छताच्या पंख्याखाली १२० सेंटीमीटरचा पंख काट्यावर ठेवला तर आकडा पाच-सात ग्रॅम वर-खाली नाचत राहतो. वारा त्याला उचलतोच, त्याचं कामच ते. पडद्याचीही अडचण आहे: पंख किंवा धड ठेवलं की पडदा झाकला जातो. मी ताटलीवर श्रीखंडाचा रिकामा डबा उलटा ठेवते, टेअर करते आणि त्याच्यावर विमान ठेवते. आकडा खालून स्पष्ट दिसतो.

किनाऱ्यावर राहणाऱ्यांसाठी आणखी एक. खाऱ्या हवेने सेलच्या घरातल्या स्प्रिंगवर हिरवट थर चढतो आणि काटा मधूनच विझतो. बारीक काचपेपरने घासलं की पुन्हा चालतो. वापर नसेल तेव्हा सेल काढून काटा झाकणाच्या डब्यात, औषधांच्या बाटलीत मिळणाऱ्या त्या पांढऱ्या पुड्यांसोबत ठेवते. पावसाळ्यात हे न चुकता करावं लागतं. आणि पावसाळ्यात फक्त काटाच नाही, शीटसुद्धा बदलतं: तेच १५० ग्रॅमचं फोमशीट जुलैत १५४ भरलं, कागद दमट हवा पितो. जून ते सप्टेंबर आमचा बांधणीचा काळ, उडवण्याचा नव्हे, त्यामुळे बांधताना जरा जड भरलेलं विमान दिवाळीनंतर थोडं हलकं होतं. यापुढे अंदाज काढताना मी पावसाळी वजनच धरणार आहे, कारण चूक झाली तर ती सोयीच्या बाजूला व्हावी.

वजन एकूण किती हे कळलं तरी ते कुठे आहे हे कळायला हवं, आणि तेही हाच काटा सांगतो. विमानाची पुढची दोन चाकं पुस्तकांच्या चळतीवर, शेपटीचं चाक काट्यावर, आणि धड उडताना असतं तसं आडवं, पाण्याच्या पातळीने बघून. शेपटीवर ६० ग्रॅम आले. पुढच्या चाकांपासून शेपटीचं चाक ६० सेंटीमीटर मागे. ६० गुणिले ६०, भागिले ७१८, म्हणजे गुरुत्वमध्य पुढच्या चाकांच्या मागे ५ सेंटीमीटरवर. आमची चाकं पंखाच्या पुढच्या कडेच्या बरोबर खाली आहेत, तेव्हा तो पंखाच्या रुंदीच्या पाव भागावर आला, जिथे हवा तिथे. बोटांच्या टोकांवर विमान तोलून बघण्याची रीत आहे, तीही चांगली. पण आकडा मिळाला की बॅटरी किती पुढे सरकवायची ते गणिताने ठरतं. शेपटीला लागलेला एक ग्रॅम तोलायला नाकाला तीन ग्रॅम लागतात, कारण आमची शेपटी गुरुत्वमध्यापासून तिप्पट लांब आहे. म्हणून शेपटीकडे मी गोंदाच्या थेंबालाही जागा देत नाही, नाकाकडे थोडी सढळ राहते.

हलकं तितकं चांगलं असं मात्र मी म्हणणार नाही. इथे पहाटे मतलई वारा जमिनीकडून मंद येतो, तेव्हा ३० चं विमान हवेत नुसतं बसल्यासारखं राहतं. अकरानंतर समुद्राकडून खारा वारा धरला की तेच विमान उलटं मागे सरकायला लागतं. सोहमचा एक मित्र वेळणेश्वराकडे राहतो, त्याचं विमान चौकोनाला ४० च्या घरातलं आहे आणि दुपारच्या वाऱ्यातही नीट चालतं, पण उतरवायला त्याला लांबलचक मोकळी पुळण लागते. आम्ही बऱ्याचदा सड्यावर उडवतो. कातळावर गवत पिवळं पडलेलं असतं, झाडं नाहीत, माणसं नाहीत. कातळावर आपटलेलं विमान मात्र वाळूवर आपटल्यासारखं क्षमा करत नाही, तेव्हा तिथे वेग कमी हवा, म्हणजे वजन कमी हवं. कुठे आणि कोणत्या वेळी उडवणार हे आधी ठरवा, त्यावरून चौकोनामागचे ग्रॅम ठरवा, मग पंखाचं माप काढा. उडवण्याआधी सरकारी हवाई नकाशावर जागा हिरव्या, म्हणजे उडवायला मोकळ्या, पट्ट्यात आहे का तेही बघा.

काट्याला मी पाचपैकी साडेचार देते. अर्धा आपोआप बंद होण्यासाठी कापला. ५ किलोऐवजी १० किलोचा मिळाला आणि पायरी १ ग्रॅमचीच असेल तर तोही चालेल. २ ग्रॅमच्या पायरीचा घेऊ नका, तो कितीही देखणा असला तरी. पडद्याला मागून उजेड असलेला मिळाला तर बरं, संध्याकाळी माजघरात काम करताना आकडा वाचता येतो.

पुढचं विमान २५० ग्रॅमच्या आत बसवायचं आहे. ड्रोन नियम २०२१ मध्ये २५० ग्रॅमपर्यंतचं नॅनो, त्यावर २ किलोपर्यंत मायक्रो, आणि हे वजन बॅटरीसकट, उडायला तयार अवस्थेतलं. तिथे ५२ ग्रॅमची मोटर घेताच येणार नाही, सर्वो चारच्या जागी दोन, बॅटरी दोन सेलची, आणि गोंदाच्या ४० ग्रॅमचे १२ करावे लागतील. एवढ्या लहान आकड्यांना हा काटा पुरणार नाही. त्यासाठी सोनाराकडे असतो तसा खिशात मावणारा, २०० ग्रॅमपर्यंत ०.०१ ग्रॅम दाखवणारा काटा मागवला आहे. पंख त्याच्यावर मावणार नाही, पण रिसीव्हर, सर्वो आणि टेपचा एकेक तुकडा मावेल. मोठ्या भागांना हा, लहान भागांना तो, अशी वाटणी राहील. आतापर्यंत कागदावर २३१ ग्रॅम झाले आहेत, दहा टक्के अजून मिळवायचे आहेत, आणि कुठून तरी पाच ग्रॅम कमी व्हायलाच हवेत. सोहम म्हणतो चाकं काढून टाकू, हातातून सोडू आणि गवतात पोटावर उतरवू.